खपली पडल्यावर

केळशी
१८ नोव्हेंबर २०२४

हिरा,

गणपतीला तुमच्याकडून निघाले त्याला दोन महिने झाले. नाटे गावाहून तुझी एक ओळ नाही. मितेशनं दिवाळीत फोन केला होता, तो माझ्या हर्षदनं कानाला लावून दिला. पण कानातलं यंत्र फोन जवळ आला की शिट्टी मारतं, आणि यंत्र काढलं तर मला ढगाचा गडगडाटही कळत नाही. मी आपली "हो हो" म्हणत राहिले. नंतर कळलं, तुझा लेक विचारत होता, "आत्या, तब्येत बिघडलीय का?" हर्षद अजून हसतोय. तेव्हा माझ्याशी बोलायचं तर कागदावर. तू सातवी झालेली आहेस, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, सबबी सांगू नकोस.

तुझी नागीण आता पुरती सुकली असेल. छातीखालून पाठीपर्यंत पट्टा उठला होता, बघवत नव्हतं. पण काशीरामनं गेरू लावला, मंत्र घातला आणि दहा दिवसांत खपल्या धरल्या की नाही? मी म्हटलंच होतं.

आता खरी बातमी. आपल्या अक्षयाचं ठरलं. मुलगा गुहागरचा, दापोलीला शाळेत शिक्षक आहे. बोलायला कमी, पण माझ्याशी बोलताना तोंड समोर करून सावकाश बोलला. मला तेवढ्यावरच पसंत पडला. लग्न १६ फेब्रुवारीला, रविवारी, इथंच दारात. मुलीला मांडवात आणायला मामा हवा, तो जानू आहेच. पण मामीशिवाय मामा आला तर मी त्याला वेशीवरून परत पाठवीन. लहानपणी तिचा प्रत्येक मे महिना तुझ्या घरात गेलाय. आठ दिवस आधी ये. पहिली हळद तू लावायचीस, हे तिनंच सांगितलंय.

उलट टपाली कळव.

चिमा


नाटे
२ डिसेंबर २०२४

वन्संना हिराचा नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षयाचं ठरलं, फार बरं वाटलं. तिला माझे आशीर्वाद सांगा.

मी बरी आहे. खपल्या पडल्या, आता नुसते डाग राहिलेत. मधूनमधून थोडी आग होते, इतकंच. काळजी करू नका.

हे लग्नाला नक्की येतील. माझं आत्ताच सांगता येत नाही. बाजारात मासळी घेऊन हल्ली नेत्रा बसते. सून असून तिला माझ्यापेक्षा भाव चांगला करता येतो. मितेश रोज होडी घेऊन जातो. घर मागं सोडून यायचं म्हणजे बघावं लागेल.

जास्त लिहीत नाही. उजवा हात फार हलवला की भरून येतो.

हिरा


केळशी
१५ डिसेंबर २०२४

हिरा,

तुझं पत्र वाचलं आणि मला राग आला. पाच-सहा ओळी, त्यातही "सांगता येत नाही". एकुलत्या एका भावाची बायको तू. घर मागं सोडून यायचं म्हणजे काय? घरात सून आहे, लेक आहे, घर काय समुद्रात वाहून जाणार आहे?

काहीतरी मनात धरलंयस. मी रात्रंदिवस आठवून बघितलं. गौरीच्या जेवणाला वडे कडक झाले, तेव्हा मी चार बायकांत बोलले, "हिराचा हात यंदा कुठं गेला?" ते लागलं का? अगो, ती थट्टा होती. थट्टेवरून कुणी भाचीचं लग्न टाकतं?

परवा हर्षद मामाशी, जानूशी, फोनवर बोलला. जानू म्हणे, "ती दिवसभर आतल्या खोलीत बसून असते. पदर काढून. दार लावून घेते. अंगावर बघावं तर काही नाही, कातडी साफ. दुखतं म्हणते. काय करू मी?" हर्षदनं हे मला कागदावर लिहून दाखवलं, मी तीनदा वाचलं.

मोठी आहे म्हणून सांगते. आजार लांबला की मनाला सवय लागते दुखायची. मी तीस वर्षं अंगणवाडीत काढली, शंभर बायका बघितल्या. बसून राहिलं की सगळंच दुखतं. बाजार सुनेच्या हाती दिलास इथंच चुकलीस. उठ, पाटी डोक्यावर घे, चार माणसांत बस. मन घट्ट कर. बघ आठ दिवसांत फरक पडतो की नाही.

आणि लग्नाला ये.

चिमा


नाटे
५ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून चुलीत घातलं. कधी केलं नव्हतं असं. आज लिहिते कारण आज थोडं बरं आहे आणि नेत्रानं पाटी खाली ठेवून मला कागद आणून दिलाय. ती म्हणाली, "आई, एकदा सगळं लिहून टाका."

तर सगळं लिहिते.

खपल्या पडल्या त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. वाटलं संपलं. पण चार दिवसांनी त्याच पट्ट्यावर आतून आग सुरू झाली. मिरच्या वाटलेला हात कातडीच्या खालून कुणी फिरवावा तशी. ती कायमच असते, दिवसा, रात्री, जेवताना. आणि वरून मध्येच कळ येते, शिंगाळा मासा सोडवताना त्याचा काटा बोटात घुसतो ना, तशी. कधी येईल सांगता येत नाही. मी बोलता बोलता थांबते, लोकांना वाटतं विसरले.

त्यातलं सगळ्यात वाईट ऐका. कुणी जोरात दाबलं तर चालतं. पण पदर नुसता टेकला तर जीव जातो. ब्लाऊज घालवत नाही. पंखा लावला की वारा लागतो. अंघोळीला तांब्या डाव्या खांद्यावरून ओतते, तरी एखादा ओघळ उजवीकडे जातोच. पाटी डोक्यावर घ्या म्हणता. पाटी उचलायला उजवा हात वर केला की ब्लाऊज कुशीवर घासतो. मी नोव्हेंबरात दोनदा गेले बाजारात. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला बांगडे देताना कळ आली आणि मी त्याच्या अंगावर ओरडले. त्यानंतर नेत्राला पाठवते. भाव चांगला करते वगैरे मी उगाच लिहिलं होतं. शिकतेय ती अजून.

हे वाईट वागत नाहीत. पण कंटाळलेत. सुरुवातीला रोज विचारायचे. मग दोन दिवसांनी विचारायला लागले. आता येताना माझ्या तोंडाकडे बघतात आणि न विचारताच हातपाय धुवायला जातात. मी बाहेरच्या खोलीत झोपते. झोपते म्हणजे डाव्या कुशीवर पडून असते. चाळीस वर्षांत यांच्यापासून वेगळी झोपले नव्हते.

डिसेंबरात नेत्रानं मला रत्नागिरीला नेलं. नाट्याहून एसटीनं जाताना मी सगळी वाट ब्लाऊज दोन बोटांनी अंगापासून धरून बसले होते. नेत्रानं शेजारची जागा अडवली आणि सगळ्यांशी भांडली. तिथं डॉक्टरीणबाई होत्या, नेत्राच्याच वयाच्या. त्यांनी काय केलं, कापसाचा बोळा घेतला आणि अलगद पट्ट्यावरून फिरवला. मी टेबलावर ताडकन उठून बसले. त्या म्हणाल्या, "आजी, हे खरं दुखणं आहे. फोड बरे झाले, पण आतल्या नसांना इजा झालीय. त्या उगाच 'आग, आग' म्हणून ओरडत राहतात."

खरं दुखणं आहे, एवढं ऐकून मी तिथं रडले वन्सं. तीन महिन्यांत ते कुणी म्हणालं नव्हतं. आणि मग घरी आले तर तुमचं पत्र, मन घट्ट कर.

गोळी दिलीय. थोडी थोडी वाढवायची आहे. घेतली की गरगरतं, सकाळी जिभेवर जडपणा असतो, चहात साखर घातली की नाही आठवत नाही. गुण यायला आठवडे लागतील म्हणाल्या, मध्येच बंद करायची नाही. लिडोकेनची पट्टी पण दिलीय, तेवढी जागा बधिर करते. बारा तास लावायची, बारा तास काढायची. ते बारा तास मी माणसासारखी असते.

लग्नाला मी येणार नाही. एसटीत एवढा लांब प्रवास, तीन गाड्या बदलायच्या, मांडवात गर्दी, जरीची साडी. अक्षयाला मी वेगळी चिठ्ठी लिहीन. तिला खोटं सांगू नका.

हिरा


केळशी
२४ फेब्रुवारी २०२५

हिरा,

लग्न झालं. अक्षयानं हळदीच्या वेळी तुझ्या नावाची वाटी वेगळी ठेवली आणि पहिलं बोट स्वतःच त्यातून लावून घेतलं. तुझी चिठ्ठी तिनं पर्समध्ये घालून सासरी नेली.

तुझ्या जानेवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लाज वाटली म्हणून नाही, खोटं कशाला बोलू. मला वाटलं तू वाढवून लिहितेयस. वाटलं, लग्न होऊ दे, मग सवडीनं समजूत काढू.

जानूनं अक्षयाला मांडवात आणलं. छान दिसत होता, फेटा बांधून. वरात गेल्यावर मी त्याला मागच्या पडवीत गाठलं. म्हटलं, "बायकोला का नाही आणलंस? खांद्यावर घालून आणायची." तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. पुन्हा बोलला. मग त्यानं खिशातून उरलेली लग्नपत्रिका काढली आणि हर्षदचं पेन घेऊन तिच्या मागं लिहिलं. तुला माहीत आहे, त्याला चार शब्द लिहायला घाम फुटतो. लिहिलं होतं : तीन दिवसांत न्यायला हवी होती. डॉक्टरीण बोलली. तुला सांगायचं नाही असं हिरा म्हणते.

मी ती पत्रिका घेऊन दुसऱ्या दिवशी आमच्या इथल्या नर्सकडे गेले. नम्रता नाव तिचं, माझ्या अंगणवाडीतच वाढली. तिनं सांगितलं, नागिणीवर गोळ्या असतात, पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर चांगला उपयोग होतो. सगळ्यांचंच मागचं दुखणं टळतं असं नाही, साठीनंतर तर नाहीच सांगता येत. पण त्या तीन दिवसांत जायला हवं. आणि मग मला म्हणाली, "बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

हिरा, मला माहीत होतं. तीन दिवसांचं नसेल, पण गेरूनं नागीण बरी होत नाही हे माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी दारोदार जाऊन लोकांच्या पोरांना डोस पाजले, अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी भांडले.

ऋषिपंचमीच्या सकाळी तू मला मोरीजवळ बोलावून ब्लाऊज वर करून दाखवलंस. तीन फोड होते. "वन्सं, हे काहीतरी वेगळंच आहे, अंगात कणकण आहे, राजापूरला जाऊन येते." मितेशनं मोटारसायकल अंगणात काढलीही होती. आणि मी म्हटलं, "नागिणीला सुई लागली तर ती भडकते, डॉक्टरकडे न्यायची नाही, काशीरामला बोलवा." तू माझं ऐकलंस. मी मोठी, मी शिकलेली.

मी तसं का म्हटलं ते आज लिहिते. मला नागिणीची भीती नव्हती. दोन दिवसांवर गौर होती, वीस-बावीस माणसं जेवायला, आणि नेत्रा माहेरी गेलेली. तू राजापूरला गेलीस आणि तिथं तुला ठेवून घेतलं तर चुलीपुढे मला बसावं लागलं असतं. मी माहेरवाशीण म्हणून आले होते. मला बसून जेवायचं होतं. एवढंच होतं ते. अंगात ताप, कुशीवर फोड, आणि तू विस्तवासमोर बसून वडे तळलेस. वर मी ते कडक झाले म्हणून बोलले.

पत्रिका माझ्याजवळ आहे. मी ती फाडणार नाही.

तू हे डिसेंबरपासून जाणत होतीस आणि मला लिहिलं नाहीस. का?

चिमा


केळशी
२ एप्रिल २०२५

हिरा,

शिमगा झाला, पाडवा झाला. तुझं पत्र नाही. पोस्टात जाऊन विचारून आले. शिव्या लिही, पण लिही.

चिमा


नाटे
१४ एप्रिल २०२५

वन्सं,

का लिहिलं नाही विचारता. तुमचं पत्र हातात धरून मी दीड महिना तेच स्वतःला विचारतेय.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पहिला फोड कधी आला, औषध कधी सुरू केलं?" मी बोटावर मोजलं. विसर्जन होऊन पाहुणे गेल्यावर मी राजापूरला दवाखान्यात गेले, तो सहावा दिवस. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मीच खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आणि हेही सांगितलं की वेळेवर येऊनही काहींना हे राहतंच, तेव्हा त्याचा विचार करत बसू नका. पण मी सारखा तोच विचार करते. दुसरं करायला आहे काय मला?

मी यांना म्हटलं, वन्संना कळू द्यायचं नाही. मला वाटायचं तुम्ही भोळेपणानं केलंत. भोळेपणानं केलेल्यावर किती राग धरणार? तो मी गिळत होते. आता तुम्ही लिहिलंत की भोळेपणा नव्हता. मग गिळलेलं सगळं वर आलं. महिनाभर तुमचं नाव घरात निघालं की मी उठून जात होते. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मी तुमचे पाय धरावेत असं मला वाटलं नाही. तुम्हाला लिहून हलकं वाटलं असेल. माझ्या कुशीत काही हलकं झालं नाही.

हे लिहिलं. आता दुसरं लिहिते.

शिमग्यात पालखी दारात आली. मी म्हटलं, वर्षातून एकदा देवी अंगणात येते, तर पट्टी लावून, वर मऊ फडकं गुंडाळून ओटी भरायला बाहेर उभी राहीन. राहिले. पालखी नाचवायला लागले, ढोल वाजायला लागला, गर्दी पुढं सरकली आणि ढोलवाल्याचं कोपर माझ्या कुशीला घासून गेलं. नुसतं घासून. माझ्या तोंडातून काय किंकाळी निघाली मला माहीत नाही. मी खाली बसले, अंग थरथरायला लागलं, केस सुटले. आणि वन्सं, लोकांना वाटलं माझ्या अंगात आलं.

एका बाईनं माझ्या कपाळावर मुठीनं कुंकू फासलं. दुसरी पायावर डोकं ठेवून विचारायला लागली, "आई, माझ्या लेकाचं काम कधी होणार?" कुणी नारळ आणला. ढोल आणखी जोरात. मला श्वास घेता येईना, "नाही, नाही" म्हणायचं होतं तर नुसता घशातून आवाज येत होता, आणि ते म्हणत होते, बघा, देवी बोलतेय.

तेव्हा हे गर्दीतून आले. तुम्हाला माहीत आहे, हे चार माणसांत तोंड उघडत नाहीत. होडीवर वारा असला तरी ओरडत नाहीत, हात दाखवतात. त्यांनी ढोलावर हात ठेवला आणि ओरडले, "बंद करा! अंगात काय आलेलं नाय. दुखतंय तिला. सहा महिने दुखतंय. बाजूला व्हा!"

ढोल बंद पडला. पालखी खांद्यांवर तशीच थांबली. मग यांनी मला उठवलं, डाव्या दंडाला धरून. उजवीकडे हात लावला नाही. म्हणजे यांना माहीत होतं, कुठं धरायचं नाही ते. मी समजत होते बघतच नाहीत.

आत आणून बसवल्यावर म्हणाले, "किती दुखतं ते मला आज दिसलं." मी म्हटलं, "तुम्हाला दिसावं म्हणून मी आता रोज ओरडू का?" दुसऱ्या दिवशी यांनी कपाटातून आपलं जुनं मलमलीचं धोतर काढलं, कापलं आणि ओसरीवर बसून मला एक सैल सदरा शिवला. जाळी शिवणारा हात, टाके काय विचारू नका. पण सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्यात, आत एक दोरा लागत नाही. त्यावरून साडी डाव्या खांद्यावर टाकते. लोक बघतात. बघू देत.

गोळीचा डोस आता बसलाय. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारतात, दहापैकी किती? पूर्वी नऊ सांगायचे. आता पाच सांगते, कधी चार. चाराच्या खाली उतरत नाही. त्या म्हणतात बहुतेकांचं हळूहळू उतरतं, कुणाचं वर्षानं, कुणाचं त्याहून उशिरा. मी थकलेय वन्सं. दुखण्यापेक्षा दुखण्याबद्दल सांगून थकलेय.

तुमच्या पत्रिकेचं तुम्ही काय ते करा.

हिरा


केळशी
५ मे २०२५

हिरा,

तुझं पत्र मी एकदाच वाचलं, पण ते पाठ झालंय. हलकं वाटलं असेल, असं लिहिलंस. वाटलं होतं, दोन दिवस.

इथं एक झालं ते सांगते, माझं कौतुक म्हणून नाही. आमच्या वाडीत रावजी आहे, पंचावन्नचा, आंब्याच्या पेट्या भरतो. गेल्या सोमवारी त्याच्या म्हाताऱ्या आईनं मला हाक मारली म्हणे, मला अर्थात ऐकू आली नाही. ती हाताला धरून घेऊन गेली. रावजीच्या पाठीवरून पोटाकडे ओळीनं फोड, लाल. कालच आलेले. म्हातारीनं गेरू भिजवून ठेवला होता आणि मी मोठी म्हणून मला पहिलं बोट लावायला बोलावलं होतं.

मी ती वाटी उचलून बाहेर केळीच्या बुंध्यात ओतली. म्हातारी चिडली. सात-आठ बायका जमल्या. त्या काय बोलत होत्या मला कळत नव्हतं, म्हणून मीच बोलले. माझा आवाज आता मला कळत नाही, बहुतेक फार मोठ्यानं बोलले. म्हटलं, "माझ्या भावजयीला मी असाच गेरू लावायला लावला. तिला दवाखान्यात जायचं होतं, मी जाऊ दिली नाही. आज आठ महिने तिला अंगावर कपडा सहन होत नाही. मला कळत होतं तरी मी केलं, कारण मला आयतं जेवायचं होतं."

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. ज्या बायकांना मी तीस वर्षं शहाणपण शिकवलं त्याच. त्यातल्या एकीनं मान फिरवली. फिरवू दे.

रावजीला हर्षदनं गाडीवर घालून दापोलीला नेलं, फोड आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. नम्रताच्या मागे लागून मी माझ्यासाठीही नागिणीच्या लशीची चौकशी केलीय. तुझ्या डॉक्टरीणबाईंनाही विचार, तुला आणि जानूला घेता येईल का ते.

रावजीला दवाखान्यात नेल्यानं तुझं काही भरून येत नाही, हे मला कळतं. ते भरून यावं म्हणून केलंही नाही.

एक विचारायचं आहे. गणपतीला मी माहेरी येऊ की नको? नको म्हणालीस तर मी जानूला सबब सांगेन, तुझं नाव येऊ देणार नाही.

चिमा


नाटे
२२ मे २०२५

वन्सं,

रावजीचं वाचून मला काय वाटलं ते सांगते. पहिल्यांदा राग आला, की त्याचं लवकर झालं. मग लाज वाटली. मग नेत्राला ते पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आत्याबाई असं सगळ्यांसमोर बोलल्या?" तिला विश्वास बसेना. मला बसला. तुम्ही मोठ्यानंच बोलला असाल.

माफ केलं, असं मी आधी लिहिलं होतं. कागद फाडला. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडला. तो शब्द अजून माझा होत नाही, आणि तुम्ही मला खरं लिहिलंत तर मीही खोटं लिहिणार नाही. पण तुमचं पत्र यायला उशीर झाला की मी पोस्टमनच्या वाटेकडे बघते, हेही खरं आहे.

काल पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढली. मितेश आणि हे दोघं आता दोन महिने घरात. मी परवा बाजारात अडीच तास बसले, नेत्राच्या मागं, सदरा घालून. बोलले नाही फारसं, नुसती बसले. एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "हिरावहिनी, होतात कुठं?" मी म्हटलं, "आजारी होते." मग म्हटलं, "आहे." घरी येऊन संध्याकाळपर्यंत पडून राहिले. तरी अडीच तास झाले.

गणपतीला येऊ नका. गणपतीत तुम्ही आलात की मी पुन्हा वाढायला उठेन, सवय आहे ती हाडाची. यंदा गौरीला मी चुलीपुढे बसणार नाही, हे मी यांना सांगून ठेवलंय. जे होईल ते होईल, नाही तर गूळ-खोबरं दाखवू.

तुम्ही आत्ता या. पाऊस लागायच्या आत, पुढच्या आठवड्यात. सणाशिवाय, कारणाशिवाय. जेवायला पेज आणि भाजलेला बांगडा असेल, तोही हेच भाजतील. काही बोलायचं नाही, तुम्हाला ऐकू येणार नाही आणि मला सांगवत नाही. नुसतं ओसरीवर बसू.

आल्यावर मला जवळ घेऊ नका. माझ्या डाव्या बाजूला बसा.

हिरा